कासवासोबत हे

पहिला दिवस : चाळीसगाव

पुण्याहून रात्री निघालेली गाडी पहाटे पावणेपाचला चाळीसगावला टेकली. खानदेश म्हटलं की लोक ४५ अंशांचा उन्हाळा सांगतात, डिसेंबरातल्या पहाटेचं कुणी सांगत नाही. दात वाजत होते. फलाटावर कानटोपी घातलेला, मफलर गुंडाळलेला एक टकला गृहस्थ चहा पीत उभा होता. त्याच्यासमोरून मी दोनदा गेले. तिसऱ्यांदा जाताना त्यानं कप खाली ठेवला, अंगठा आणि तर्जनी जुळवून बाकीची तीन बोटं ताठ केली आणि कोपर जरा बाहेर काढून हात माझ्यासमोर धरला. असं कोपर काढून ‘सगळं ठीक?’ विचारणारा माणूस माझ्या ओळखीत एकच. आमचा डॉक्टर.

“शिसं! तू किती बदललीस गं,” तो म्हणाला.

“तू कोरडा आहेस म्हणून ओळखला नाहीस,” मी म्हटलं.

हे गमतीनं म्हटलं खरं, पण तेच खरं होतं. आम्ही चौघं फेब्रुवारी १९९९ मध्ये लक्षद्वीपच्या कडमत बेटावर स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन समुद्रात डुबकी मारायला, शिकायला एकत्र आलो. तोवर कुणी कुणाच्या ओळखीचं नव्हतं. पुढे २००३ ला अंदमान, २०११ ला मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी, मध्ये दोनदा मालवण. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना बहुतेक ओलेच पाहिलेलं. कुणाच्या घरी जाणं नाही, मुलांच्या लग्नांना आहेर पाठवले तेवढेच. चौघांना एकमेकांची खरी नावंही सहज तोंडात येत नाहीत. मी ‘शिसं’, कारण पहिल्या दिवशी मी घाबरून, पाण्यात खाली जायला कमरेला बांधतात त्या पट्ट्यात सगळ्यांपेक्षा जास्त शिशाच्या वड्या ओवून घेतल्या होत्या. डॉक्टर दातांचा. नागपूरची भूगोलाची शिक्षिका ती ‘बाई’. आणि ज्याच्या गावी आम्ही निघालो होतो तो ‘इंजिन’. भुसावळला रेल्वेत आयुष्य गेलं म्हणून हे नाव पडलं असं त्याच्या घरचे समजतात. खरं कारण वेगळं आहे. सिलिंडरमध्ये साधारण २०० बार (बार म्हणजे दाबाचं माप) हवा भरलेली असते आणि ५० बार उरली की वर यायचं असतं. आमचे हवेचे काटे शंभराच्या आसपास असायचे तेव्हा याचा पन्नासवर आलेला असायचा. वाफेच्या इंजिनासारखा भसाभस श्वास! मी त्याची जोडीदार, आणि जोडीदारानं बरोबरच वर यायचं हा नियम. माझी प्रत्येक डुबकी या माणसानं दहा-दहा मिनिटांनी आखूड केली आहे. तो हिशेब मी अजून सोडलेला नाही.

गाडीतून थेट भुसावळला न जाता चाळीसगावला उतरायचं डॉक्टरनं ठरवलं होतं, छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरासाठी. आमचा सगळा बेतच जुने फोटो एकत्र बसून बघण्याचा होता, मग सुरुवात फोटोवाल्याच्या घरून का नको, असं त्याचं म्हणणं. स्टेशनपासून घर चालत जाण्याच्या अंतरावर. आता तिथे कलादालन आहे. ते उघडेपर्यंत पोहे, मग परत चहा, मग उन्हात बसून डुलक्या.

मूस १९१२ साली जन्मले. इंग्लंडला शिकून आले आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं, १९८९ साली जाईपर्यंत, या घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. कुणाची तरी वाट बघत ते रोज रात्री पंजाब मेलच्या वेळेला दारं-खिडक्या उघडी ठेवत, असं गावात सांगतात. ते ऐकायला छान वाटतं. मला मात्र त्यांच्या टेबलाचं जास्त नवल वाटलं. टेबलटॉप फोटोग्राफी म्हणजे घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, उजेड हवा तसा वळवायचा आणि कॅमेऱ्याच्या काचेतून त्यातून मैलभर पसरलेला देखावा उभा करायचा. घराबाहेर न पडणारा माणूस टेबलावर जग करतो आणि पारितोषिकं जिंकतो.

डॉक्टर एका फोटोपाशी बराच वेळ थांबला. मग म्हणाला, “आपण हजार मैल जाऊन, समुद्रात उतरून काढले, तरी सगळे निळेच आले.”

दुपारच्या गाडीनं भुसावळ. रात्री शेवभाजी. इतकी तिखट की डॉक्टरनं दोन्ही हातांनी ‘वर चला, वर चला’ अशी खूण केली.

(ही खूण म्हणजे अंगठा वर. बाहेरच्या जगात त्याचा अर्थ ‘छान’, पाण्याखाली त्याचा अर्थ ‘डुबकी संपली, वर चला’. त्यामुळे आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा कुणी पाठवत नाही. एकदा माझ्या भाच्यानं माझ्या फोनवरून पाठवला, तर बाईचा नागपूरहून फोन आला, “काय झालं? बरी आहेस ना?”)

दुसरा दिवस : फैजपूरच्या अलीकडचं गाव

सकाळी बाई नागपूरहून आली आणि इंजिन आम्हाला न्यायला जीप घेऊन आला. केस पांढरे, पोट पुढे, पायात चपला. मी त्याला आजवर फक्त फिन्स घालून मागे-मागे चालताना बघितलेलं. तापीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना केळीच सुरू होतात. जूनमध्ये लावलेली ती मृगबाग, ऑक्टोबरात लावलेली ती कांदेबाग, हे त्यानं गाडी चालवत सांगितलं. थंडी दहा अंशांखाली गेली की पानांवर चरका पडतो, म्हणून हल्ली रात्री बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करायचा. बोलता बोलता त्यानं काच खाली करून हात बाहेर काढला आणि हवा किती गार आहे ते बघितलं. पाण्यात तो असाच हात पुढे करून प्रवाह बघायचा. त्या हातावरून मात्र मी त्याला कुठेही ओळखला असता.

घरी वहिनी. माहेर अमळनेरकडचं, त्यामुळे सासरची लेवा बोली इतकी वर्षं ऐकूनही त्यांच्या तोंडात अहिराणीच आहे. “या, या, बठा. पानी पी ल्या,” म्हणाल्या, आणि आम्ही बसायच्या आत आत वळल्या. आमच्या चौघांच्या सगळ्या सहलींत त्या एकदाही आलेल्या नाहीत. पाण्याची भीती नाही, हौस नाही एवढंच.

दुपारी शेतात भरीत. इथल्या भरिताच्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. पण ते कळायला कागद नको. वांगी हिरवी, पांढरट, हातभर लांब आणि बी नावाला. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ केला, त्यात वांगी आडवी टाकली. सालं काळी पडून फुटायला लागली तसा आतून पाण्याचा फसफस आवाज यायला लागला. इंजिनचा पुतण्या हातानंच वांगी परतत होता. मी चिमटा शोधायला लागले तर हसला. मग सोललेला गर, भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण एका लाकडी भांड्यात घालून लाकडी दांड्यानं ठेचला. त्याचा ठोका लांबून ओळखू येतो, धपधप आणि मध्येच चिकट. वरून कांद्याची पात आणि शेंगदाण्याची गरम फोडणी. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी. बाईनं तीन खाल्ल्या. मी किती ते लिहीत नाही.

संध्याकाळी ओसरीवर सतरंजी पसरली आणि फोटो निघाले.

माझा अल्बम सगळ्यात वाईट निघाला. तो चिकट पानांचा, वर पारदर्शक कागद असलेला. नव्वदच्या दशकात सगळ्यांनी तेच घेतले. त्या गोंदानं फोटो पिवळे पडले आहेत आणि काढायला गेलं की सोलवटतात. डॉक्टरनं सगळे स्कॅन करून आणले होते, पण कुठला कुठला याचा पत्ता नाही. बाईचे एका बुटांच्या खोक्यात. वहिनींनी आतून एक अल्बम आणला : काळी जाड पानं, फोटोला कोपऱ्यांच्या पट्ट्या, मध्ये बटर पेपर आणि दर चार-पाच पानांआड वाळलेला कडुलिंबाचा पाला. एकही फोटो खराब नाही.

मग जी भांडणं झाली ती विचारू नका. पाण्याखालच्या फोटोत माणूस ओळखायचा कसा? अर्धं तोंड मास्कमध्ये, उरलेलं तोंडात धरलेल्या, हवा देणाऱ्या रेग्युलेटरमागे, केस उभे, वरून बुडबुडे. भाड्याचे सूट सगळे काळे. “हा मी.” “तू कसला, ती बाई आहे.” “बाई इतकी सरळ तरंगायचीच नाही.” डॉक्टरला तर चार फोटोंत तोच दिसत होता, त्यातल्या एका फोटोत चौघंही होतो आणि पाचवा तो होता.

एका फोटोवर बाई गप्प झाली. कडमतचाच, प्रवाळाचा. “हे बघा,” ती म्हणाली. आम्हाला तिथे काही दिसेना. प्रवाळ, त्यावर राखाडी-तपकिरी लव, वर पाच-सहा मासे. “हे मेलेलं आहे,” बाई म्हणाली. “१९९८ च्या उन्हाळ्यात एल निनोनं समुद्र तापला होता. प्रवाळाच्या अंगात शेवाळ राहतं, त्याचं अन्न आणि रंग त्या शेवाळाचाच. पाणी फार तापलं की प्रवाळ ते शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पाणी लवकर निवलं तर सावरतो, नाहीतर मरतो आणि त्यावर अशी लव चढते. लक्षद्वीपचा बराचसा प्रवाळ त्या वर्षी गेला. आपण नऊ-दहा महिन्यांनी पोचलो.” मग २०१० ला, २०१६ ला पुन्हा तेच झालं.

मला कडमत रंगीत आठवतं. इतकी वर्षं मी लोकांना “काय रंग होते!” असं सांगत आले. पहिल्यांदाच पाहणाऱ्याला मेलेलं आणि जिवंत यातला फरक कुठून कळणार? आम्ही मासे बघत होतो.

आणि मग माझी पाळी आली.

पुण्यात माझ्या दिवाणखान्यात एक फोटो आहे. फ्रेम करून, टीव्हीच्या वर. हिरवं कासव, त्याच्या बाजूला एक पाणबुड्या, डावा हात ‘सगळं ठीक’. चौदा मीटरवरचा. आमच्या इन्स्ट्रक्टरनं त्याच्या पाण्याखाली चालणाऱ्या नायकोनॉस कॅमेऱ्यानं काढलेला. छत्तीस फोटोंचा रोल, पाण्याखाली बदलता येत नाही, त्यामुळे तो क्लिक करताना फार विचार करायचा. नंतर त्यानं टपालानं पाठवलेल्या पाकिटातून आम्ही आपापले वाटून घेतले. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगते, ही मी. त्या कासवाचा डोळाही मला आठवतो, सुरकुतलेला, जरा कंटाळलेला. फ्रेमचा फोटो मी मोबाइलवर घेऊन आले होते, तो मोठा करून सगळ्यांना दाखवला.

वहिनींनी चष्मा लावला. बघितलं. म्हणाल्या, “नही वं माय, तू नही. ह्या शेतस.” म्हणजे, हे आहेत.

मी हसले. वहिनींनी काळ्या अल्बमची पानं उलटली आणि एक फोटो पट्ट्यांतून सोडवून माझ्या हातात दिला. तेच कासव, तोच कोन, बहुधा पुढचाच क्लिक. फरक एवढाच की या फोटोत फ्लॅश पेटला होता. त्यामुळे कासव हिरवं-सोनेरी आणि पाणबुड्याच्या सिलिंडरच्या मानेला लाल भडक कापडाची पट्टी.

ती पट्टी मी विसरले होते. सिलिंडर सगळे सारखे, बोटीवर अदलाबदल व्हायची, म्हणून इंजिननं घरून गार्डच्या फाटक्या लाल झेंडीची चिंधी आणली होती आणि रोज तो ती आपल्या सिलिंडरला बांधायचा.

मी परत मोबाइल बघितला. माझ्या फोटोत सिलिंडरच्या मानेला काळी रेघ आहे. ती मी नेहमी बघितलेली, रबरी नळीची सावली समजून. पाण्यात सगळ्यात आधी लाल रंग जातो, पाच-सहा मीटरनंतर तो विटतो आणि चौदावर काळपट दिसतो. हे आम्हाला पहिल्याच दिवशी वर्गात शिकवलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं होतं. भिंतीवर रोज दिसत असून कधी डोक्यात आलं नाही.

फोटो उलटा केला. मागे बॉलपेनानं, कागदाला खळगे पडतील इतक्या दाबून, वहिनींचं अक्षर :

‘११ फेब्रु. १९९९. दुपार. कासवासोबत हे.’

नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाईनं लिहिलेलं ‘हे’. प्रत्येक फोटोमागे अशीच नोंद. ‘डावीकडून नागपूरच्या बाई, दाताचे डॉक्टर, हे.’ ‘पुण्याच्या ताई उलट्या झाल्या आहेत.’ फोटो हाती आल्याच्या रात्री, जेवणं झाल्यावर, इंजिन एकेक फोटो समोर धरून सांगायचा आणि वहिनी लिहून घ्यायच्या. आमची सगळी भांडणं त्यांनी पंधरा मिनिटांत मिटवली. डॉक्टरच्या चार फोटोंपैकी एकच त्याचा निघाला.

“मग मी कुठे होते?” मी विचारलं.

“माझ्या मागं,” इंजिन म्हणाला. “काटा दाखवत होतीस. माझा साठवर आला होता. फोटो झाला आणि आपण वर गेलो.”

“तुला माहीत होतं?”

“अंदमानला तू सांगितलंस ना, फ्रेम केला म्हणून. रात्री वहीत दाखवलास पण. आता तू फ्रेम करून बसलीस, मी काय तुझी भिंत फोडू?”

रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही. मग तो कासवाचा डोळा मला आठवतो तो कुठला, पाण्यातला की फ्रेममधला?

तिसरा दिवस : चांगदेव, हतनूर आणि एक विहीर

मुक्ताईनगरजवळ तापी आणि पूर्णा भेटतात तिथे चांगदेवाचं जुनं दगडी देऊळ आहे. चौदाशे वर्षं जगलेले, वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला निघालेले आणि शेवटी लहानग्या मुक्ताबाईला गुरू मानणारे चांगदेव. हतनूर धरणाचं पाणी इथवर मागे पसरतं. हिवाळ्यात बाहेरून बदकं येतात. आम्हाला चक्रवाकांच्या दोन जोड्या दिसल्या, आणि लांबवर गलबला करणारा एक काळा ठिपका, जो बदकांचा आहे असं नावाड्यानं सांगितलं म्हणून आम्ही मानलं.

पाणी बघितलं की पाणबुड्याचं डोकं चालायला लागतं. गोडं पाणी समुद्रापेक्षा हलकं, त्यात माणूस कमी तरंगतो, म्हणून शिसं कमी लागेल. पाणी समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर असेल तर किती वेळ खाली राहायचं त्याचे वेगळे तक्ते वापरावे लागतात, पण हा भाग त्याच्या खालीच आहे. डॉक्टरनं हे सगळं नावाड्याला समजावलं. त्यानं वल्हं पाण्यात घातलं, बाहेर काढलं आणि पात्यावरचा गाळ दाखवला. “आत गेल्यावर दिसेल काय तुम्हाला?” दोन्ही नद्या पावसाळ्यात इतका गाळ आणतात की धरण त्यानंच भरत चाललंय. एकेचाळीस दरवाजे आहेत धरणाला. पावसाळ्यात ते उघडले की खाली जळगावपर्यंत लोक नदीकडे कान देऊन असतात.

संध्याकाळी इंजिन म्हणाला, “चला, माझी पहिली डाइव्ह साइट दाखवतो.”

शेताच्या कडेला विहीर. दगडी बांधणीची, रुंद, आत उतरायला एका बाजूनं पायऱ्या. सातव्या वर्षी काकानं पाठीला रिकामा डबा बांधून त्याला इथं ढकललं होतं. तेव्हा पाणी पाचव्या पायरीला असायचं. थंडीत कोमट लागायचं, म्हणून पोरं सकाळी अंघोळीला इथंच. तळाला जाऊन मूठभर चिखल आणायची पैज लागायची आणि इंजिन नेहमी जिंकायचा. तोच इंजिन, ज्याला पुढे हवा पुरायची नाही.

आता विहीर कोरडी आहे. केळी ठिबकवर, पाणी बोअरचं, आणि बोअर दर काही वर्षांनी आणखी खोल. तळाशी वाळकी केळीची पानं, एक फाटकी चप्पल आणि पारव्यांची विष्ठा. वाकून बघताना आवाज घुमत होता.

इंजिन पायऱ्या उतरायला लागला. वहिनी वरून ओरडल्या, पण तो थांबेना. मग आम्हीही निघालो. शेवटच्या पायऱ्या ढासळल्या होत्या, डॉक्टरनं माझा हात धरला. तळाला चौघं उभे राहिलो आणि वर बघितलं. वरती गोल आभाळ, कडेला वहिनींचं डोकं आणि पदर. पाण्याखालून बोटीचा तळ असाच दिसतो, काळा, उजेडाच्या मध्ये.

“किती असेल?” बाईनं विचारलं.

“बारा मीटर,” इंजिन म्हणाला. मग स्वतःच्या मनगटावर नसलेला काटा बघितला. “आणि दोनशे बार. आज घाई नाही.”

खरंच त्याला घाई नव्हती. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही त्या विहिरीत बसून बोललो. पाण्याखाली इतक्या वेळा एकत्र बसलो, पण तिथे बोलायची सोय नव्हती. डॉक्टरनं बायकोच्या आजारपणाचं सांगितलं, ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. बाई निवृत्तीनंतर एकटी राहते हेही. वरून वहिनींनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा दगड टाकला, लहानसा.

वर चढताना सगळ्यांना दम लागला. इंजिनला सगळ्यात जास्त.

चौथा दिवस

सकाळी दही आणि रात्रीचं उरलेलं भरीत. ताजं असतं त्याहून चांगलं लागलं. इंजिननं प्रत्येकाला एकेक कच्चा घड गोणपाटात बांधून दिला. नको म्हटलेलं इथं कुणी ऐकत नाही. भुसावळ स्टेशनवर तीन हमालांच्या नजरा चुकवत मी तो घड स्वतः डब्यात चढवला, तेवढ्यात पाठीत उसण भरली.

गाडी सुटायच्या आधी वहिनींना म्हटलं, “तो फ्रेममधला फोटो पाठवून देते. तुमचाच आहे तो.”

“मनाकडे शे ना एक,” त्या म्हणाल्या, म्हणजे माझ्याकडे आहे ना एक. आणि मग, जरा थांबून, “पन धाडी दे.”

केळी पाचव्या दिवशी सगळी एकदम पिकली. सोसायटीत वाटली, शिकरण झालं, तरी दोन फण्या काळ्या पडल्या. फ्रेम उतरवून मागची पाठ उघडली, फोटोमागे पेन्सिलनं लिहिलं, ‘११ फेब्रु. १९९९. दुपार. कासवासोबत इंजिन. मी मागे, काटा दाखवताना.’ मग परत बंद करून तिथेच टांगली. कुरिअरवाला आत्तापर्यंत दोनदा येऊन गेला आहे.